सांगणें आणि मोजणें

परक्या भाषेचा अभ्यास करणारास मोठे शब्द फारसे फसवीत नाहींत. मोठा शब्द आला कीं विद्यार्थी सावध होतो, कोश उघडतो, अर्थ वहींत उतरून घेतो आणि निर्धास्त होतो. फसवतात ते लहान शब्द. ज्यांची ओळख पहिल्या पुस्तकांतच झाली, ज्यांचा अर्थ आपल्यास ठाऊक आहे असें आपण गृहीत धरून चालतों, आणि म्हणून ज्यांच्यासाठीं कोश उघडण्याची गरज आपल्यास जन्मांत कधीं वाटत नाहीं, अशा शब्दांच्या पोटांत काय साठलें आहे हें पाहण्याचा योग बहुधा येतच नाहीं. इंग्रजींतील 'टेल' हें क्रियापद अशांपैकींच एक होय. 'टेल म्हणजे सांगणें' हें समीकरण आपण लहानपणीं पाठ करतों आणि पुढें जन्मभर त्याच्या भरवशावर राहतों. हा भरवसा कितपत खरा आहे, आणि त्यानें वाङ्मयाच्या वाचनांत काय नुकसान होतें, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आरंभ उत्तरपत्रिकांपासून करतों. कारण ह्या क्रियापदाशीं माझें भांडण तेथेंच सुरू झालें. एका उताऱ्यांत अतिश्रमाचा परिणाम एका गृहस्थाच्या प्रकृतीवर दिसूं लागला, अशा अर्थाचें वाक्य होतें व त्यांत 'टेल' हें क्रियापद योजिलेलें होतें. वर्गांतील पुष्कळांनीं भाषांतर केलें, 'श्रम त्याच्यावर सांगूं लागले.' दुसऱ्या एका उताऱ्यांत दोन जुळे भाऊ होते. त्यांच्यांतला कोण कोणता हें आईलादेखील ओळखतां येत नसे. भाषांतर आलें, 'आई त्या भावांना सांगूं शकत नसे.' तिसऱ्या ठिकाणीं एका सरदाराच्या अपार संपत्तीचा उल्लेख होता आणि तिला 'अन्टोल्ड' हें विशेषण लाविलें होतें. त्याचें मराठी झालें 'न सांगितलेली संपत्ति'. जणूं काय त्या सरदारानें ती कर चुकविण्यासाठीं दडवून ठेविली होती! हीं वाक्यें वाचून परीक्षकास हंसू येतें, हें खरें. पण हंसून झाल्यावर मनांत येतें कीं, ह्या मुलांचा अपराध तरी कोणता? त्यांस जें समीकरण आम्हीं शिकविलें तेंच त्यांनीं प्रामाणिकपणें वापरलें. बाजारांत मिळणारे छोटे कोश पाहावे, तर त्यांत ह्या क्रियापदापुढें आठ-दहा अर्थ एकामागून एक मांडलेले असतात: सांगणें, कळविणें, आज्ञा करणें, ओळखणें, परिणाम होणें, चहाडी करणें, मोजणें. परंतु एका शब्दाच्या घरांत हीं इतकीं माणसें कशीं नांदतात, त्यांचें एकमेकांशीं नातें काय, ह्याविषयीं अक्षर नसतें. अर्थांची यादी दिली म्हणजे अर्थ समजला असें होत नाहीं. एखाद्या कुटुंबांतील माणसांचीं नांवें पाठ झालीं म्हणून तें कुटुंब ओळखीचें झालें असें कोण म्हणेल?

ह्या कुटुंबाचा मूळपुरुष कोण, हें शोधूं लागलें म्हणजे मौज दिसून येते. कोशांत बहुधा शेवटीं, एखाद्या म्हाताऱ्या आश्रितासारखा बसविलेला जो 'मोजणें' हा अर्थ, तो ह्या घरांत नंतर शिरलेला पाहुणा नसून जुना घरधनी आहे. जुन्या इंग्रजींतील 'टेलान' ह्या क्रियापदांत मोजणें, हिशेबांत धरणें आणि कथन करणें हे अर्थ एकत्र नांदत होते. जर्मन भाषेंत आजही 'त्सेलेन' म्हणजे मोजणें व 'एर्त्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणें. डच लोकांचें 'टेलेन' म्हणजे निव्वळ मोजणें. सांगण्यासाठीं त्यांस त्यामागें एक उपसर्ग लावून 'फर्टेलेन' असें म्हणावें लागतें. ही केवळ जर्मन कुळांतील भाषांची लकब आहे असेंही नाहीं. फ्रेंच भाषेंतील मोजण्याचें क्रियापद आणि गोष्ट सांगण्याचें क्रियापद हीं दोन्ही एकाच लॅटिन शब्दापासून निघालीं आहेत; उच्चारांत तीं आजही एकच आहेत, भेद काय तो लिहिण्यांत. हिब्रू भाषेंत तर ग्रंथ, संख्या आणि गोष्ट हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. इतक्या दूरदूरच्या भाषांनीं एकच वाट धरावी, ह्यावरून ती वाट मनुष्याच्या मनांतच कोठें तरी पडलेली असली पाहिजे. घडलेल्या गोष्टी एकामागून एक, क्रम न चुकवितां, एकही न गाळतां मांडणें म्हणजेच कथन. आणि क्रम न चुकवितां, एकही न गाळतां पुढें जाणें ह्यालाच मोजणें म्हणतात.

आपल्यास हें नवल वाटूं नये. कारण आपल्या घरींही हाच प्रकार आहे. संस्कृतांतील 'ख्या' ह्या धातूचा अर्थ सांगणें. त्यास 'आ' उपसर्ग लागला म्हणजे 'आख्यान' होतें आणि 'सम्' लागला म्हणजे 'संख्या' होते. कीर्तनकार उत्तररंगांत जें लावतो तें, आणि गणिताचे मास्तर फळ्यावर जी मांडतात ती, हीं सख्खीं भावंडें आहेत. फरक इतकाच कीं, इंग्रजी शब्द मोजण्याकडून सांगण्याकडे आला, तर आपला सांगण्याकडून मोजण्याकडे गेला. मराठींतही पाहा: एखादी गृहिणी आपलीं गाऱ्हाणीं ओळीनें सांगूं लागली म्हणजे ती 'तक्रारींचा पाढा वाचते' असें आपण म्हणतों. जेथें सांगणें क्रमवार आणि अखंड झालें, तेथें आपल्यासही गणिताचाच आधार घ्यावा लागला.

मूळपुरुष एकदां ओळखला म्हणजे घरांतील बाकीचीं माणसें आपोआप ओळखूं येऊं लागतात. इंग्लंडच्या राजकोषांत पैसे मोजून घेणारे अधिकारी 'टेलर' ह्या नांवानें ओळखले जात. ती पदें 1834 सालीं बंद झालीं. ब्रिटिश पार्लमेंटांत मतविभागणी झाली म्हणजे सभासदांची गणना करण्यास जे नेमले जातात त्यांस आजही 'टेलर' म्हणतात. ते कांहींएक सांगण्यासाठीं उभे नसतात, मोजण्यासाठीं असतात. बँकेंत रोख पैसे देणारा-घेणारा कारकून तो 'टेलर'. आणि ज्या यंत्रापुढें आपण सारे हल्लीं महिन्याच्या आरंभीं उभे राहतों, आणि जें भारतांत प्रथम 1987 सालीं मुंबईंत आलें, त्या एटीएम नांवाच्या यंत्राच्या मधल्या अक्षरांतही हाच जुना मोजणारा लपलेला आहे. त्या यंत्राचें नांव दिवसांतून दहा वेळां उच्चारणाऱ्या माणसास आपण आठव्या-नवव्या शतकांतील एका इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जिवंत ठेवीत आहों, ह्याची कल्पनाही नसते. जपमाळ ओढण्यास इंग्रजींत जें म्हणतात त्यांतही 'टेल' आहे, कारण तेथें मणी मोजावयाचे असतात; आणि गंमत अशी कीं, मण्याला जो इंग्रजी शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मणी नसून प्रार्थना हा होता. 'अन्टोल्ड' संपत्ति म्हणजे न सांगितलेली नव्हे, न मोजलेली, अगणित. मात्र ह्या वाटेनें जातांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'टॅली' हा हिशेबाचा शब्द कानाला अगदीं सोयरा वाटतो. पण तो लॅटिनमधील काठी ह्या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. पूर्वीं काठीवर खांचा पाडून हिशेब ठेवीत, त्यावरून तो निघाला. त्याचें व 'टेल'चें नातें नाहीं. उच्चारसाम्यावर व्युत्पत्तीचे इमले रचण्याची हौस आपल्याकडेही कमी नाहीं, म्हणून हें सांगितलें.

आतां जीं दोन भाषांतरें वर हास्यास्पद ठरलीं, त्यांजकडे पुन्हां पाहूं. मोजण्यासाठीं प्रथम काय करावें लागतें? एक वस्तु दुसरीपासून वेगळी ओळखावी लागते. ज्यास दोन वेगळे दिसत नाहींत, तो दोन मोजणार कसा? म्हणून 'टेल'ला ओळखण्याचा, भेद जाणण्याचा अर्थ आला, आणि जुळ्या भावांची आई त्यांस 'टेल' करूं शकेना. तसेंच, जी वस्तु मोजण्यांत येते तीच हिशेबांत धरली जाते, तिचेंच वजन पडतें. बंदुकीच्या ज्या गोळ्या नेमक्या लागल्या त्या 'टेल' झाल्या, म्हणजे जमेस धरण्याजोग्या ठरल्या. वयानें, श्रमानें आपली बेरीज शरीराच्या खातीं मांडली म्हणजे ते त्याच्यावर 'टेल' करूं लागतात. आपणही 'हें जमेस धरा', 'तो कोणाच्या खिजगणतींतही नाहीं' असें म्हणतों, तेव्हां मोजण्यापासून महत्त्वाकडे हीच उडी घेतों. अशा रीतीनें पाहिलें म्हणजे दहा अर्थांची विस्कळित यादी एका सूत्रांत ओंवली जाते, आणि विद्यार्थ्यास ती पाठ करण्याचें कारण राहत नाहीं.

सांगण्याच्या अर्थानें जेव्हां हें क्रियापद येतें, तेव्हां तें आपल्या 'सांगणें'शीं किती जुळतें हेंही पाहण्यासारखें आहे. इंग्रजींत 'से' आणि 'टेल' यांची वांटणी मोठी नेमकी आहे. 'से'चें लक्ष उच्चारलेल्या शब्दांकडे, 'टेल'चें ऐकणाराकडे. एकटा मनुष्य रिकाम्या खोलींत कांहीं 'से' करूं शकेल. 'टेल' करण्यास मात्र समोर कोणी तरी पाहिजे. आपल्याकडे 'म्हणणें' आणि 'सांगणें' यांच्यांत जवळजवळ हाच भेद आहे. मनुष्य मनाशीं म्हणतो, मनाला सांगतो. पहिल्यांत एकटाच असतो, दुसऱ्यांत मनासही श्रोता करून समोर बसवितो. व्याकरणानेंही हा भेद जणूं ओळखला आहे: 'तो म्हणाला', पण 'त्यानें सांगितलें'. आज्ञेचा अर्थ दोन्ही भाषांत सांगण्यालाच चिकटला. 'त्याला यायला सांग' ह्या वाक्यांतील 'सांग' आणि इंग्रजी 'टेल' हे तंतोतंत एक आहेत, आणि 'सांगकाम्या' ह्या आपल्या सुंदर शब्दांत तोच अर्थ आहे. बर्नार्ड शॉच्या 1898 सालीं छापून आलेल्या एका नाटकाचें नांव ह्याच क्रियापदानें संपतें, आणि त्याचा सरळ मराठी अवतार आपल्या तोंडीं रोज असतो: 'कुणी सांगावें?' तेथें कोणी कांहींच सांगत नाहीं. भविष्य कळत नाहीं एवढेंच म्हणावयाचें असतें.

पण जेथें दोघी वेगळ्या होतात, तीं स्थळें अधिक बोधप्रद आहेत. आपला इशारा खरा ठरला म्हणजे इंग्रज विधान करतो, 'मी तुला सांगितलें होतें.' मराठी माणूस तेंच प्रश्नानें आणि नकारानें म्हणतो, 'मी सांगत नव्हतों?' इंग्रजाचा हिशेब तेथें मिटला. आपण समोरच्यास त्या हिशेबावर सही करावयास लावतों. आणि आपल्या 'सांगणें'स जे प्रांत आहेत ते 'टेल'ला नाहींत. आपण वारसा सांगतों, नातें सांगतों, हक्क सांगतों. मुलीला स्थळ सांगून येतें. ह्यांतल्या एकाही ठिकाणीं इंग्रजी क्रियापद चालावयाचें नाहीं. समीकरण उलट दिशेनेंही तितकेंच लंगडें आहे, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

येथवर शब्दाची कथा झाली. आतां वाङ्मयाकडे वळतों. कारण ज्या काळीं मोजण्याचा अर्थ इंग्रजींत अजून ताजा होता, त्या काळचें वाङ्मय वाचतांना हें सारें केवळ कोशकाराचें कुतूहल राहत नाहीं. 1611 सालच्या इंग्रजी बायबलांत देव अब्राहामास आकाशाकडे पाहून तारे 'टेल' करावयास बजावतो. ज्यास हा अर्थ ठाऊक नाहीं, तो म्हणेल कीं तारे काय सांगावयाचे? 'किंग लियर' नाटकांत विदूषक राजाला त्याच्या मुलींपासून होणाऱ्या दुःखांविषयीं बोलतो, तेव्हां 'दुःखें' आणि 'नाणीं' ह्या दोन समोच्चार शब्दांवर तो कोटी करतो, आणि दोहोंना मिळून एकच क्रियापद लावतो, 'टेल'. नाणीं मोजावयाचीं, दुःखें सांगावयाचीं. पण वर्षभर मोजून न संपणारीं नाणीं आणि वर्षभर सांगून न संपणारीं दुःखें ह्यांच्यांत म्हाताऱ्या राजाच्या हातीं काय येणार, हें श्रोत्यास एका शब्दांत कळतें. शब्दाचा एकच अर्थ धरणारास ही कोटी निम्मीच ऐकूं येते.

'हॅम्लेट' मध्यें ह्याहून सूक्ष्म स्थळ आहे. पहिल्या अंकांत होरेशियो राजपुत्रास त्याच्या बापाच्या पिशाचाची वार्ता देतो. तें किती वेळ थांबलें, असें विचारतांच, बेताच्या गतीनें शंभर मोजावे इतका वेळ, असें तो उत्तर देतो. आणि मोजण्यासाठीं तो 'टेल' हेंच क्रियापद वापरतो. सोबतचे दोघे पहारेकरी म्हणतात, ह्याहून अधिक वेळ. होरेशियो म्हणतो, मी पाहिलें तेव्हां नाहीं. एवढ्या भयंकर प्रसंगींही तो आंकडा वाढवीत नाहीं. पुढें शेवटच्या अंकांत सर्वत्र प्रेतें पडलीं आहेत, हॅम्लेट मरणाच्या दारीं आहे, आणि होरेशियो उरलेलें विष पिऊं पाहतो. त्याला अडवून हॅम्लेट मागणी करतो ती हीच कीं, तूं मागें राहा आणि माझी हकीकत 'टेल' कर. शेक्सपिअरनें हे दोन 'टेल' हेतुपुरस्सर समोरासमोर ठेविले असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें भुतासमोर शंभर नीट मोजले, त्याच्याच हातीं कथा सोपवावी, ह्यांत नाटककाराचा विवेक खचित आहे. जो मोजण्यांत लबाडी करीत नाहीं, तोच सांगण्यास पात्र.

ह्यानंतर मला मिल्टनकडे यावयाचें आहे, आणि त्याबरोबर माझ्या एका चुकीकडे. त्याच्या 1645 च्या संग्रहांत छापलेल्या 'लॅलेग्रो' ह्या कवितेंत प्रातःकाळचें वर्णन आहे. नांगऱ्या शीळ घालीत नांगर धरतो, गवळण गात धार काढते, गवत कापणारा विळ्याला धार लावतो, आणि दरींतील काटेरी झुडपाखालीं प्रत्येक मेंढपाळ आपली 'टेल' 'टेल' करतो. एक नाम, एक क्रियापद. साधा अर्थ असा कीं, तो आपली प्रेमकथा सांगतो. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भाष्यकारांत दुसरा एक अर्थ पुढें आला आहे: मेंढपाळ आपल्या मेंढ्यांची संख्या मोजतो. त्या नामाचा गणना हा अर्थही मिल्टनच्या काळीं जिवंत होता; बायबलांत मिसरी मुकादम इस्रायली मजुरांकडून ठरलेल्या विटांची संख्या मागतात, तेथें हेंच नाम आलें आहे.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी ही कविता शिकवीत होतों. माझ्या टिपणांत प्रेमकथा होती, तीच मीं रंगवून सांगितली. मागच्या बाकावरून माणदेशांतून आलेला एक मुलगा उठला. त्याच्या घरीं मेंढरें होतीं. तो म्हणाला, "सर, ही सकाळची वेळ हाय. जाळीतनं मेंढरं सोडताना आधी मोजत्यात. मोजल्याबिगर कोण गोष्ट सांगत बसंल?" वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, पण वर्गाबरोबर मीही हंसलों. त्याला म्हणालों, "हें मिल्टन आहे, तुमचा वाडा नव्हे. परीक्षेंत असें लिहूं नकोस, गुण जातील." तो खालीं बसला. त्यानंतर त्या वर्षांत त्यानें तोंड उघडलें नाहीं. आणि पुढच्या सत्रांत हजेरीपटावर त्याचें नांव होतें, पण तें पुकारलें असतां उत्तर येत नसे. कांहीं दिवसांनीं कार्यालयानें तें नांव कमी केलें. तो कां गेला, हें मीं कधीं विचारलें नाहीं. भाष्यकारांचा वाद मला माहीत नव्हता, असा बचाव करतां आला असता तर बरें झालें असतें. पण टीपांसहित आवृत्ति माझ्या कपाटांत होती. मीं ती उघडली नव्हती. तीन वर्षांनीं उघडली, तेव्हां त्या मुलाचें वाक्य जवळजवळ जसेंच्या तसें तेथें छापलेलें आढळलें.

त्याचाच अर्थ खरा कीं काय, ह्याचा निर्णय मी आजही ठामपणें देणार नाहीं. दोन्ही बाजूंस बळ आहे. कवितेंतील बाकीचीं सर्व माणसें आपापल्या कामास लागलेलीं आहेत. मग मेंढपाळानेंच तेवढें सकाळीं झाडाखालीं प्रेमकथा कां सांगत बसावें? शिवाय 'प्रत्येक' असें म्हटलें आहे. प्रत्येकजण सांगूं लागला तर ऐकावयाचें कोणीं? मोजणें मात्र ज्याचें त्यानें वेगळेंच करावयाचें असतें. उलट पक्षीं, नांगऱ्याची शीळ, गवळणीचें गाणें, विळ्याचा आवाज, अशी ही सकाळ सारी नादानें भरलेली आहे. त्या मालिकेंत मनांतल्या मनांत मोजण्यापेक्षां बोलणें अधिक शोभतें. आणि झाडाच्या सावलींत प्रेमकथा सांगणारे मेंढपाळ हा तर गोपकाव्याचा जुनाच संकेत. मला वाटतें, कवीच्या कानांत दोन्ही अर्थ एकदमच वाजत असावेत. त्याच्या भाषेंत ते अजून विभक्त झाले नव्हते. पण निर्णय काय व्हावा, हा येथें मुख्य प्रश्न नव्हे. एका शब्दाचा एकच अर्थ धरून बसलेल्या शिक्षकाला जें दिसलें नाहीं, तें ज्यानें मेंढरें खरोखर मोजलीं होतीं त्याला दिसलें. परक्या वाङ्मयाचा अर्थ परक्याच देशांत शोधावा लागतो असें नाहीं. कधीं कधीं तो आपल्याच वर्गांत मागच्या बाकावर बसलेला असतो.

ह्या अनुभवामुळें असेल, पण अलीकडील टीकेंतील एका सूत्राविषयीं माझ्या मनांत शंका उत्पन्न झाली आहे. पर्सी लबकच्या 1921 सालच्या कादंबरीवरील ग्रंथापासून 'दाखविणें' आणि 'सांगणें' असा भेद टीकेंत रूढ झाला, आणि दाखविणें हें श्रेष्ठ, सांगणें हें कनिष्ठ, अशी समजूत पसरली. वेन बूथनें 1961 सालीं त्या समजुतीचें साधार खंडन केलें. तरी लेखन शिकविणाऱ्या वर्गांतून 'दाखवा, सांगूं नका' हा मंत्र अद्याप दिला जातच आहे, आणि आमच्या नवकथाकारांसही तो पुरेसा पाठ झाला आहे. पाल्हाळाला आळा घालण्यापुरता मंत्र चांगला. पण सांगणें म्हणजे आळसाचें काम, हें मला मान्य नाहीं. सांगणारा मोजतो. घडलेल्या हजार गोष्टींतून कोणत्या धरावयाच्या, कोणत्या कोणत्यानंतर ठेवावयाच्या, कोणाला हिशेबांत घ्यावयाचें आणि कोणाला वगळावयाचें, हें ठरविल्याशिवाय त्याला तोंड उघडतां येत नाहीं. ज्या समाजानें पिढ्यान्पिढ्या कीर्तनांतील आख्यानें ऐकलीं, त्याला सांगण्याची थोरवी पटवून देण्याची गरज पडूं नये.

आणि म्हणूनच 'अन्टोल्ड' ह्या शब्दाशीं मला शेवटीं पुन्हां यावें लागतें. मूळ अर्थ न मोजलेलें. आजचा बहुधा घेतला जाणारा अर्थ न सांगितलेलें. माझ्या विद्यार्थ्यानें सरदाराच्या संपत्तीचें जें भाषांतर केलें त्याला मीं चुकीची खूण केली, आणि ती योग्यच होती. परंतु दुष्काळांत, युद्धांत झालेल्या हालांस इतिहासकार हें विशेषण लावतो, तेव्हां दोन्ही अर्थ एकाच वेळीं खरे होतात. ते हाल कोणीं मोजले नाहींत, म्हणून सांगितले गेले नाहींत. आणि सांगावयास कोणी उरलें नाहीं, म्हणून मोजलेही गेले नाहींत.

ह्या क्रियापदाचा आणखी एक वाक्प्रचार आहे, तो मीं मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेविला. त्याचा जुना लष्करी अर्थ असा कीं, शिपाई मोजून त्यांतले कांहीं एखाद्या कामगिरीसाठीं वेगळे काढणें. आणि आजचा अर्थ, एखाद्यास खडसावणें. मोजण्यापासून रागावण्यापर्यंतची ही मजल इंग्रजी वाचकास बुचकळ्यांत टाकते; मराठी वाचकास टाकूं नये. आपल्याकडेही 'हजेरी घेणें' ह्याचे नेमके हेच दोन अर्थ आहेत. त्या दिवशीं वर्गांत मीं त्या मुलाची हजेरी घेतली ती दुसऱ्या अर्थानें. पहिल्या अर्थानें ती रोज घेत होतों. पण ती नांवाचीच होती, कारण जो समोर उभा राहून बोलला, त्याला मीं गणतींत धरलेंच नव्हतें. हल्लीं ही कविता शिकवितांना मी दोन्ही अर्थ देतों, आणि दुसरा अर्थ मला कोणीं सांगितला हेंही सांगतों.